तो टेम्पो आमचा होता

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या मंगळवारच्या अंकात आपण एक छायाचित्र छापलंत. ऐरोली पूल, मागे नजर पोचेल तिथपर्यंत गाड्यांची रांग आणि पुढे बॉनेट उघडून उभा असलेला एक टेम्पो. खाली ओळ : ‘देखभालीअभावी बंद पडलेल्या टेम्पोमुळे ऐरोली पुलावर वाहतूककोंडी’. बॉनेटपाशी पदर खोचून पाठमोरी उभी असलेली जी बाई दिसते, ती मी. टेम्पो आमचा.

आधी क्रम सांगते, कारण आपल्या ओळीत तो उलटा झालाय. त्या सकाळी आम्ही पोचलो तेव्हाच पूल तुंबलेला होता. पंचवीस मिनिटं आम्ही त्या रांगेत मुंगीच्या पावलानं सरकत होतो आणि त्या सरकण्यातच गाडी तापली. आम्ही थांबल्यावर रांग आणखी वाढली, हे कबूल. मागच्या लोकांची तिथेच हात जोडून माफी मागितली. पण कोंडी आमच्यामुळे झाली की आम्ही कोंडीमुळे, एवढं तरी कुणी विचारायला हवं होतं.

दुसरा शब्द ‘देखभालीअभावी’. हा मला जास्त लागला. मार्चपासून या गाडीच्या देखभालीवर साडेसोळा हजार रुपये गेलेत. सगळी बिलं फायलीला लावलेली आहेत. कमी काय पडलं ते सांगायला हे पत्र लिहिते आहे. लांबलं तर कापा, पण मधलं कापू नका.

मी एका सार्वजनिक रुग्णालयात तेहतीस वर्षं परिचारिका होते. गल्लीत अजून सगळे सिस्टरच म्हणतात. गाडी यजमानांची. 2012 चं मॉडेल, साताऱ्याच्या पासिंगची डिझेल पिकअप, 2017 साली जुनी घेतलेली. (मुंबईत मागे माल टाकायला फाळका असला की त्याला टेम्पोच म्हणतात, त्याबद्दल तक्रार नाही.) यजमान गेल्यापासून मुलगा चालवतो. पहाटे तुर्भ्याच्या बाजारातून भाजी उचलायची, ठाणे-बेलापूर रस्त्यानं ऐरोली, पूल ओलांडून मुलुंड, मग भांडुप. वीसेक किलोमीटरचा फेरा. मुलाला गाडी कळते, बाजारातलं वजन कळत नाही, म्हणून मी बरोबर जाते. गाडी कुठल्या कंपनीची ते लिहीत नाही. इतकी वर्षं ओझं वाहिलेल्या जनावराला चारचौघांत नावं ठेवू नयेत.

मार्चमध्ये तापमानाचा काटा पहिल्यांदा पाऊणपर्यंत चढला. एरवी तो निम्म्याच्या जरा खाली, ठरलेल्या जागी बसलेला असायचा. पहिल्या गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडलं आणि काही न विचारता थर्मोस्टॅट वॉल, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाण्याची वाट बंद ठेवणारी झडप, काढून टाकला. म्हणे, ‘आपल्याकडे कुठे बर्फ पडतो?’ वॉल काढला, नवं कूलंट (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात मिसळायचं द्रावण) भरलं, अठराशे रुपये. आठ दिवसांनी पुन्हा तेच. दुसऱ्यानं रेडिएटर, म्हणजे इंजिनचं गरम पाणी गार करणारी जाळी, चोकअप म्हणून नवा टाकला, साडेनऊ हजार. वॉटर बॉडी, म्हणजे पाणी फिरवणारा पंप, बदलली, बत्तीसशे. मजुरी दोन हजार. गाडी दोन दिवस आत. बाहेर आली आणि तिसऱ्याच दिवशी सोनापूरच्या सिग्नलला काटा पुन्हा वर. तिसऱ्या ठिकाणी एक तरुण मिस्त्री होता. त्यानं रेडिएटरचं झाकण उघडून पाण्याची पातळी बघितली, रेडिएटरला जोडलेल्या जादा पाण्याच्या बाटलीत डोकावला आणि जाहीर केलं, ‘गाडी पाणी खातेय. हेड गॅस्केट गेलंय. इंजिन खोलावं लागेल, बेचाळीस हजार धरून चाला.’ हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग, आणि तो खालच्या भागावर बसतो तिथलं पॅकिंग म्हणजे गॅस्केट. मी विचारलं, गॅस्केटच गेलंय कशावरून? तर म्हणाला, ‘मावशी, तुम्हाला नाही कळणार ते.’

संपादक महोदय, तेहतीस वर्षांत मी शेकडो पोटं उघडताना पाहिली. एकही पोट ‘ताप आहे’ एवढ्यावर उघडलेलं पाहिलं नाही. ताप कधी येतो, पहाटे की संध्याकाळी, थंडी वाजून येतो का, घाम येऊन उतरतो का, हे आधी चार-चार तासांनी तक्त्यावर भरायचं. विद्यार्थिनी असताना हा तक्ता नीट भरला नाही म्हणून मी मेट्रनची बोलणी खाल्ली आहेत. गाडीला मात्र तीन गॅरेजांत मिळून एकानंही विचारलं नव्हतं की ती तापते कधी.

मग मी शंभर पानी वही घेतली आणि रेघा मारल्या. तारीख, वेळ, ठिकाण, गाडी भरलेली की रिकामी, वेग, काटा, आणि रात्री घरी आल्यावर बाटलीतलं पाणी. काट्याचे मी आठ भाग कल्पले. मुलगा हसला. सोळा दिवसांनी हसायचा थांबला.

नमुन्याला दोन-तीन नोंदी देते. पहाटे 5.40, रबाळे, गाडी फाळक्यापर्यंत भरलेली, वेग 50, काटा दोनवर. त्याच दिवशी 8.05, सोनापूर सिग्नल, भरलेली, जागेवर उभी, काटा सहा. सिग्नल सुटून जरा वेग मिळाल्यावर पाच मिनिटांत काटा चारवर. दुपारी 1.20, लाल बहादूर शास्त्री (एलबीएस) रस्ता, मेट्रोच्या पत्र्यांमधली रांग, गाडी पूर्ण रिकामी, काटा साडेसहा. रविवारी भिवंडीला एक भाडं मारलं. भर दुपारी, भरलेली गाडी, पण रस्ता मोकळा. काटा तीनच्या वर गेला नाही.

वही उघडी ठेवून मी रात्री बघत बसले. वजनाचा संबंध नाही. उन्हाचाही फारसा नाही. गाडी पळते तेव्हा बरी असते, उभी राहिली की ताप चढतो. शिवाय रोज अर्धा-पाऊण लिटर पाणी कमी, आणि गाडीखाली एक थेंब नाही. माझी मजल इथपर्यंत. पुढे वाचायला जाणकार हवा होता आणि तो शोधायच्या आतच तो सोमवार उजाडला.

पुलावर रांगेत अडकलो तसा काटा चढायला लागला. मुलानं हीटर पूर्ण चालू केला. आमच्या गाडीला एसी नाही, हीटर मात्र आहे. मुंबईत पिकअपला हीटर कशाला, असं यजमान नेहमी म्हणायचे, पण त्याचा उपयोग आहे. हीटर म्हणजे केबिनमध्ये बसवलेला छोटा रेडिएटरच. तो चालू केला की इंजिनची थोडी उष्णता आपल्या अंगावर घेता येते. मेच्या सकाळी पायावर गरम वाऱ्याचा झोत घेऊन आम्ही मायलेक खिडक्या उघड्या टाकून बसलो होतो. काटा सातवर. बॉनेटच्या फटीतून वाफेची एक बारीक रेघ. आणि अचानक काटा पडला. सात, पाच, तीन. मुलगा म्हणाला, ‘आई, उतरला!’

त्याच क्षणी माझ्या पायावरचा झोत गार झाला.

वॉर्डमध्ये फणफणलेल्या पेशंटचा ताप असा धाडकन उतरला आणि हातपाय गार लागले, तर सिस्टर आनंदानं टाळ्या वाजवत नाही, डॉक्टरांना हाक मारते. मी ओरडले, बंद कर, आत्ता, इथेच. त्यानं किल्ली फिरवली. पुढे उलगडा झाला तो असा. काट्याला खबर देणारा सेन्सर पाण्यात बुडलेला असतो, तो पाण्याचं तापमान सांगतो. पाणीच निघून गेलं तर तो वाफेत लोंबकळत राहतो आणि काटा खाली येतो. आत धातू भाजत असतो आणि समोर काटा ‘सगळं ठीक’ म्हणतो. हीटरमध्येही पाणी येईनासं झालं की वारा गार लागतो. मुलानं आणखी अर्धा किलोमीटर दामटली असती तर ते बेचाळीस हजार खरे झाले असते, कदाचित त्याहून जास्तही.

आपल्या छायाचित्रकारानं फोटो काढला तो यानंतरचा. त्यात माझा उजवा हात लांब झालेला दिसतो, तो हातवारे करून भांडणाऱ्या बाईचा वाटेल. खरं असं की एक भला मोटरसायकलवाला पाण्याची बाटली घेऊन आला आणि रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार तेवढ्यात मी त्याला अडवलं. बर्न्सच्या वॉर्डात मी चार वर्षं काढली आहेत. गरम गाडीचं झाकण उघडून तोंड, मान आणि हाताचे कोपरापर्यंतचे भाग भाजलेली पोरं मी तिथे पाहिली आहेत. बहुतेक क्लीनर, विशीच्या आतली. पाणी शंभर अंशांच्या पुढे गेलेलं असतं, केवळ दाबामुळे उकळत नसतं. झाकण फिरवलं, दाब सुटला, की सगळं एका दमात वाफ होऊन तोंडावर येतं. शिवाय तापलेल्या हेडवर गार पाणी ओतलं तर हेड तडकतो, ती वेगळीच गोष्ट. वाहतूक हवालदारानं चार जणांना घेऊन गाडी कडेला ढकलून दिली, शिवी न देता. त्यांचे आभार आपल्या अंकात कुठे दिसले नाहीत, म्हणून इथे मानते. पाऊण तास थांबलो. मग झाकणावर ओला फडका टाकून आधी थोडंसं सैल केलं, फुस्स होऊ दिलं आणि हळूहळू पाणी भरलं. साडेचार लिटर मावलं. तेव्हा कळलं केवढं गेलं होतं.

मंगळवारी गाडी टो करून कुर्ल्याला एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. मूळचे रत्नागिरीकडचे, सत्तरीला आलेले, सगळे चाचा म्हणतात. त्यांनी बॉनेटला हात लावायच्या आधी स्टुलावर बसून विचारलं, ‘सिस्टर, गाडी तापते कधी? उभी असताना की पळताना?’ मी वही पुढे केली. चष्मा चढवून त्यांनी ती पहिल्या पानापासून वाचली. चहा आला, गार झाला. मग म्हणाले, ‘यात सगळं लिवलंय की. आता फक्त खात्री करायची.’

त्यांनी समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. गाडी पन्नासच्या वेगानं पळते तेव्हा समोरून येणारा वाराच रेडिएटर थंड करतो, पंख्याची फारशी गरज नसते. उभ्या गाडीला वारा फक्त पंख्याचा. म्हणून पळताना तापली तर पाण्याच्या फिरण्याकडे बघायचं, म्हणजे रेडिएटर तुंबलाय का, वॉटर बॉडी पाणी ढकलते का, खालचा होज पाइप दबून चपटा होतो का. उभी असताना तापली तर आधी पंखा. आमच्या गाडीचा पंखा इंजिनवर थेट नसतो. मध्ये एक कपलिंग असतं, त्यात सिलिकॉनचं दाट तेल भरलेलं. पुढच्या बाजूला एक चपटी स्प्रिंग. रेडिएटरमधून गरम वारा लागला की ती वळते, आतलं तेल योग्य त्या खोबणीत जातं आणि पंखा इंजिनबरोबर जोरात फिरायला लागतो. तेल वर्षानुवर्षं झिरपून गेलं की पंखा फिरताना दिसतो, पण त्याच्यात जीव नसतो. म्हणूनच तीन गॅरेजांत तिघांनीही ‘पंखा चालू आहे’ म्हणून त्याच्याकडे पाठ फिरवली. कपलिंगच्या भोवती तेलकट धुळीचे किरण फाकले होते, दिवाळीच्या चक्रासारखे. ते कुणी पाहिले नव्हते.

आणि आता आपल्याला सांगायलाच हवं असं. चाचांनी गाडी सुरू करून गरम होऊ दिली. शेजारच्या टपरीवरून त्या दिवशीचा पेपर मागवला. तो आपलाच अंक होता, आमचा फोटो असलेला. त्याची घट्ट सुरळी केली, लांबून पंख्याच्या पात्याला हळूच टेकवली आणि पंखा थांबला. इंजिन चालू, पट्टा फिरतोय, आणि पंखा कागदाच्या सुरळीला अडून उभा. धडधाकट कपलिंग असतं तर कागदाच्या चिंध्या झाल्या असत्या. (हा प्रयोग कुणी घरी करू नये. चाचांच्या डाव्या हाताची करंगळी अर्धीच आहे, ती कशी गेली ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. गरम इंजिन बंद करून पंखा हातानं फिरवून बघावा. एखाद्या फेरीत अडला तर ठीक, भिंगरीसारखा गरगरत राहिला तर कपलिंग गेलं.)

राहिला पाणी खाण्याचा प्रश्न. चाचांनी रेडिएटरचं झाकण एका हातपंपाला लावलं. झाकणावर 0.9 छापलेलं होतं, म्हणजे 0.9 बारपर्यंत दाब धरायला हवा. पंपाचा काटा 0.3 वर गेला आणि झाकण सुसकारा टाकून मोकळं झालं. मला पुढचं सांगावंच लागलं नाही. ऑपरेशनची उपकरणं वाफेनं निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह मी निम्मं आयुष्य चालवलाय. पंधरा पौंड दाब आला की आतलं तापमान 121 अंश. घरच्या कुकरचंही तेच गणित. 0.9 बार म्हणजे तेरा पौंड. एवढा दाब झाकणानं धरला तर रेडिएटरमधलं पाणी 118-119 अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाची स्प्रिंग ढिली पडली की ते पाणी आधीच उकळतं, बाटलीत ढकललं जातं आणि बाटलीतून वाफ होऊन उडून जातं. जमिनीवर थेंब पडणार कुठून! तर गाडी पाणी ‘खात’ नव्हती, झाकण ते थुंकत होतं. ज्या मिस्त्रीनं ते झाकण स्वतःच्या हातानं उघडलं आणि पुन्हा लावलं, त्यानं इंजिन खोलायला सांगितलं. नव्या झाकणाची किंमत दोनशे ऐंशी रुपये.

तरीही चाचांनी गॅस्केटची तपासणी केलीच, कारण पुलावर गाडी कोरडी पडली होती. दुसऱ्या दिवशी इंजिन पूर्ण गार असताना झाकण काढून सुरू केलं आणि पाण्यात बुडबुडे येतात का ते पाहिलं. सुरुवातीचे दोन-चार आले आणि थांबले. सतत येत राहिले असते तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय असं समजायचं. ऑइलची पट्टी काढून बघितली. दुधाळ झालं असतं, चहात साय मिसळावी तसं, तर पाणी ऑइलमध्ये गेलंय. नव्हतं. शेवटी त्यांनी रेडिएटरच्या तोंडावर काचेची एक नळी लावली, त्यात निळं द्रावण. रेडिएटरमधली हवा त्यातून ओढायची. इंजिनच्या जळक्या गॅसमधला कार्बन डायॉक्साइड त्यात आला की निळ्याचं हिरवट-पिवळं होतं. आमचं निळंच राहिलं. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट हातात पडावा तसं वाटलं मला. ही तपासणी दहा मिनिटांची आहे. बेचाळीस हजारांच्या अगोदर ती कुणी करू नये?

काढून टाकलेला वॉलही चाचांनी नवा आणून बसवला. बसवण्याआधी स्टोव्हवर पातेल्यात पाणी ठेवून त्यात तो टांगला आणि प्रयोगशाळेतला लांब थर्मामीटर सोडला. आपला ताप बघायचा इथे चालत नाही, तो 42 ला संपतो. वॉलवर 82 छापलेलं होतं आणि 82-83 ला त्यानं खरंच तोंड उघडलं, कालवं उघडावं तसं. वॉल काढला की गाडी थंड चालते ही समजूत मुलाचीही होती, कारण पहाटे काटा पार खाली असायचा. पण ते बरं लक्षण नव्हे. इंजिन गरम व्हायलाच हवं असतं, नाहीतर डिझेल नीट जळत नाही आणि झीज वाढते. एप्रिलपासून डिझेल जास्त का लागतंय याचं कोडं मला तेव्हा सुटलं. शिवाय बऱ्याच इंजिनांत हा वॉल उघडताना खालच्या थाळीनं दुसरी एक वाट बंद करतो, रेडिएटरला वगळून पाणी परत इंजिनात नेणारी. वॉलच नसला तर ती वाट कायम उघडी, आणि थोडं गरम पाणी थंड न होताच पुन्हा आत फिरत राहतं. म्हणजे थंडाव्यासाठी काढलेला वॉल गर्दीत उलट तापच वाढवतो. मुंबईत बर्फ पडत नाही हे खरं, पण त्याचा वॉलशी काही संबंध नाही.

आमचा जुना रेडिएटर मी भंगारात दिला नव्हता, गॅलरीत तुळशीच्या कुंडीमागे उभा होता. चाचांच्या सांगण्यावरून मुलानं त्यात बागेची नळी लावली. वरून सोडलेलं पाणी खालून त्याच धारेनं धो-धो बाहेर आलं. चोकअप वगैरे काही नव्हतं. जाळीच्या पुढच्या बाजूला कांद्याची टरफलं तेवढी चिकटली होती, बचकभर. बाजारातल्या हवेत ती उडतच असतात. अधूनमधून इंजिनच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला हलकं पाणी मारलं की निघतात, हे आम्हालाच माहीत नव्हतं. देखभालीअभावी म्हणायचं तर एवढं म्हणा. ज्याच्या जागी साडेनऊ हजारांचा नवा टाकला, त्या जुन्या धुडाचं आता काय करायचं या विचारात आहे.

एकूण खर्च सांगते. पंख्याचं कपलिंग अडतीसशे, झाकण दोनशे ऐंशी, वॉल साडेसातशे, कूलंट नऊशे, मजुरी सातशे. सहा हजार चारशे तीस.

कूलंटवरून एक सांगायचं राहिलं, आणि हे सिस्टर म्हणून सांगते. रिक्षा-टेम्पोवाल्यांच्या घरी उरलेलं कूलंट कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवलेलं मी किती ठिकाणी पाहिलंय. हिरवं किंवा गुलाबी, सरबतासारखं. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि पोटात गेलं तर मूत्रपिंडं निकामी करतं. लहान मूल ते आनंदानं पिईल. गटारात ओतलंत तर मांजरी चाटतात. मूळ डब्यात ठेवा, झाकण लावून, उंच. आणि रेडिएटरमध्ये टँकरचं बोअरिंगचं पाणी घालू नका. बादलीच्या काठाला जो पांढरा थर दिसतो तोच आतल्या नळ्यांत बसतो.

आता माझी मागणी. गॅरेजच्या बिलावर ‘काय बदललं’ याचे रकाने असतात. ‘काय तपासलं आणि काय आढळलं’ असा एकही रकाना मी तीन बिलांत पाहिला नाही. औषधाच्या चिठ्ठीवर आधी निदान लिहितात, मग गोळ्या. गॅरेजवाल्यांच्या संघटना असतील, परिवहन खातं आहे, त्यांनी हा एक रकाना सक्तीचा करावा. दरवर्षी पासिंगला आमच्याकडून एवढे कागद मागतात, त्यात हा एक वाढला तर आमची हरकत नाही. तोवर वाचकांपैकी ज्यांची गाडी जुनी आहे त्यांनी दोन आठवडे वही ठेवून पाहावी. शंभर पानी वहीतली माझी अकराच पानं भरली. ‘मावशी, तुम्हाला नाही कळणार’ म्हणणाऱ्या त्या मुलाकडे ती घेऊन जायचा विचार होता, पण चाचा म्हणाले, राहू द्या सिस्टर, पोरगा आहे, शिकेल. तेव्हा तो विषय सोडला.

गाडी शनिवारपासून पुन्हा फेऱ्यांवर आहे. काल पुलावर पुन्हा कोंडी होती, अठरा मिनिटं उभे होतो. पंख्याचा आवाज आता विमान उडावं तसा येतो, मुलाला फोनवर बोलता येत नाही, जे उत्तमच आहे. काटा साडेतीन.

छायाचित्राखालच्या ओळीत दुरुस्ती छापावी ही विनंती. ‘देखभालीअभावी’ हा शब्द काढावा. आणि फोटो काळ्या-पांढऱ्या पानावर आल्यानं झालं असेल, पण बातमीत टोमॅटोचे क्रेट म्हटलंय, ती भोपळी मिरची होती. पाऊण तास उन्हात राहूनही त्यातली अर्ध्या क्रेटच्या वर खराब झाली नाही.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
भांडुप (पश्चिम), मुंबई